लंबवर्तुळाचे समीकरण आणि मंगळयानाची कक्षा

सहनिर्देशक भूमितीतील लंबवर्तुळ, अर्थात विवृत्त, हा घटक विद्यार्थी बहुधा सूत्रे पाठ करून संपवतात. उदाहरणाची मांडणी बदलली की कोणते अंतर कोठे घ्यावे, याचा गोंधळ होतो. भारताच्या मंगळयानाची कक्षा या दृष्टीने बोधप्रद आहे.

दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम राहील अशा रीतीने सरकणाऱ्या बिंदूचा मार्ग म्हणजे लंबवर्तुळ. या स्थिर बिंदूंना नाभी म्हणतात. मध्य आरंभबिंदूवर आणि नाभी क्ष-अक्षावर घेतल्यास समीकरण असे होते:

क्ष²/अ² + य²/ब² = १ (अ > ब)

अ आणि ब या अनुक्रमे बृहत् व लघु अक्षांच्या निम्म्या लांबी होत. मध्यापासून नाभीचे अंतर क असल्यास क² = अ² − ब² आणि उत्केंद्रता उ = क/अ. तिचे मूल्य ० व १ यांच्या दरम्यान असते. ते १ च्या जवळ जाते तसे लंबवर्तुळ अधिक लांबट होते.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाभोवतीच्या कक्षेत पोहोचले. तेव्हा मंगळाच्या पृष्ठभागापासून त्याचे किमान अंतर सुमारे ४२२ किमी, तर कमाल अंतर सुमारे ७६,९९४ किमी होते. नेमकी येथेच चूक होते. नाभीवर असते ते ग्रहाचे केंद्र, पृष्ठभाग नव्हे. म्हणून मंगळाची सुमारे ३,३९० किमी त्रिज्या दोन्ही अंतरांत मिळवावी लागते:

अ − क = ३,८१२
अ + क = ८०,३८४

यावरून अ = ४२,०९८ किमी, क = ३८,२८६ किमी आणि उ सुमारे ०.९१. तसेच ब² = (अ − क)(अ + क), म्हणून ब सुमारे १७,५०५ किमी. त्रिज्या मिळवायची राहिली, तर उत्केंद्रता चुकून ०.९९ येते.

इतकी लांबट कक्षा का निवडली? कक्षा वर्तुळाच्या जवळ आणायची तर यानाचा वेग आणखी घटवावा लागतो आणि त्यासाठी इंधन खर्ची पडते. सुमारे ४५० कोटी रुपयांच्या या मोहिमेत इंधन मोजकेच होते. त्या काटकसरीची किंमत म्हणजे यानाचा बहुतेक काळ मंगळापासून दूर जात असे. लाभ असा की, दुरून मंगळाच्या संपूर्ण बिंबाची छायाचित्रे घेता आली. सहा महिन्यांसाठी आखलेल्या या यानाशी संपर्क एप्रिल २०२२ मध्ये तुटला.

सरावासाठी २ब²/अ या सूत्राने नाभिलंबाची लांबी काढावी. उत्तर सुमारे १४,५५८ किमी यावयास हवे.