शोक करावा, घोर लावून घेऊ नये



अंत्यविधीनंतर आम्ही घरी प्रार्थनेला जातो तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते: "फादर, त्या दिवशी मी तिथे असतो तर..." कोणी म्हणतो, दवाखाना बदलायला उशीर झाला. कोणी म्हणतो, आखातातून आठ दिवस आधी निघायला हवे होते. एखाद्या आईला वाटते, त्या सकाळी मुलाला आणखी एक चपाती खायला बसवले असते तर त्याची ती लोकल चुकली असती. यावर आपण पटकन "देवाची इच्छा" असे म्हणून मोकळे होतो. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. ऐकणाऱ्याचे दुःख त्याने हलके होत नाही, आणि देवाविषयी त्याच्या मनात राग मात्र राहून जातो.

खरे तर हेच वाक्य शुभवर्तमानात आहे. योहानचा ११ वा अध्याय उघडा. लाजरस मरून चार दिवस झाले आहेत. येशू बेथानीला येतो तेव्हा मार्था वेशीबाहेर जाऊन त्याला हेच ऐकवते की, तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया येते आणि तेच बोलते. दोघी बहिणी चार दिवस घरात एकमेकींना हेच सांगत बसल्या असणार! येशू दोघींपैकी कोणालाही रागावत नाही. मार्थेला तो पुनरुत्थानाचे वचन देतो आणि मरीयेचे रडणे पाहून स्वतः रडतो. थोड्याच वेळात आपण लाजरसाला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडतो.

आता लूकचा १० वा अध्याय पाहा. तीच मार्था, तेच घर. पाहुणे आले आहेत, कामाचा ढीग पडला आहे आणि बहीण मदतीला येत नाही. इथे मात्र येशू तिला दोनदा नावाने हाक मारून थांबवतो. पुष्कळ गोष्टींची चिंता तिने डोक्यावर घेतली आहे, हे तिच्या लक्षात आणून देतो. (मार्थेवर प्रवचनांतून जरा अन्यायच होतो असे आमचे मत आहे. धर्मग्रामाच्या सणाला दोनशे पानांचे जेवण ज्या भगिनींनी रांधले आहे, त्या आमच्याशी सहमत होतील.) व्यक्ती एक, प्रभू एक, पण वागणूक दोन प्रकारची. चिंतेला येशू आवर घालतो. शोकाला मात्र वाट करून देतो, इतकेच नव्हे तर त्यात स्वतः सामील होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली मार्थेच्या २९ जुलैच्या स्मरणदिनात मरीया आणि लाजरस यांचीही नावे घातली. आता त्या दिवशी सगळे घर एकत्र आठवले जाते.

मग चिंता आणि शोक यांत फरक कोणता? शोक जे खरोखर घडले आहे त्याकडे पाहतो: आपले माणूस गेले. चिंता जे नाही त्याकडे पाहते: जे अजून घडलेले नाही, किंवा जे घडू शकले असते पण घडले नाही. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना त्याचा एक साधा विचार आम्हांला भेटला होता. माणूस निर्णय घेतो तो नेहमी पुढच्या गोष्टींविषयी. ट्रॉय शहर पूर्वी लुटले जावे की जाऊ नये, असा निर्णय आज कोणी घेत नाही. झालेले न झालेले करणे देवालाही शक्य नाही, अशा अर्थाचे एका कवीचे बोल तो तिथे देतो. शोकाकुल माणूस रात्रभर नेमके हेच करत असतो. जो निर्णय घ्यायची वेळ निघून गेली आहे, तोच तो पुनःपुन्हा घेऊ पाहतो.

अशा रात्रीचे एक उदाहरण आपल्या ठाण्याचेच आहे, आणि ते सातशे वर्षांपूर्वीचे आहे. १३२१ साली होर्मुझहून निघालेले एक जहाज ठाणे बंदराला लागले. त्यात चार फ्रान्सिस्कन बंधू होते: टोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. त्यांच्यासोबत जॉर्डन नावाचे एक डॉमिनिकन धर्मगुरू होते. त्यांना खरे तर कोल्लमला जायचे होते. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडील परंपरेची थोडी ख्रिस्ती घरे होती, त्यांतल्या एका घरी ते उतरले. जॉर्डन यांना फारसी येत असे, म्हणून त्यांना भडोचच्या बाजूला पाठवायचे ठरले आणि ते सोपाऱ्याच्या वाटेला लागले.

ते नसताना त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले, ती काजीकडे दाद मागायला गेली, आणि साक्षीदार म्हणून या परदेशी बंधूंना बोलावणे आले. साक्षीवरून गोष्ट धर्माच्या वादावर गेली. ९ एप्रिलला थॉमस, जेम्स आणि देमेत्रियस यांना मारण्यात आले. पीटर सामान राखायला घरी थांबले होते. दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, त्यांनाही मारण्यात आले. कोणा एका समाजाकडे बोट दाखवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एका घरातल्या मारहाणीतून केवढे रक्त सांडले, हे मात्र जाता जाता नोंदवून ठेवतो.

जॉर्डन परतले ते सोबत्यांची प्रेते उचलायला. त्यांनी ती सोपाऱ्याला नेऊन दफन केली. पुढे ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. त्यानंतरच्या काळातली जॉर्डन यांची दोन पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिले १३२१ च्या ऑक्टोबरमधले, गुजरातच्या घोघा बंदरातून लिहिलेले. दुसरे १३२४ च्या जानेवारीत ठाण्यातूनच लिहिलेले. या दुसऱ्या पत्रात ते काही लपवत नाहीत. चाच्यांनी पकडले, कैद झाली, अंगावर सदऱ्याखेरीज काही उरले नाही, भूक आणि आजार पाठ सोडत नाहीत, हे सगळे ते सांगतात. सोबत्यांबरोबर आपणही का गेलो नाही, ही सल त्यांना आहे. "मी तिथे असतो तर" हे वाक्य त्यांच्या वाट्याला जितके आले, तितके क्वचितच कोणाच्या येते. तरीही ठाणे ते सोपारा या पट्ट्यात ते बाप्तिस्मा देत राहिले. पत्रातली त्यांची विनंतीही साधी आहे: आणखी बंधू पाठवा.

आता एक योगायोग पाहा. ते पत्र लिहिले जाण्याच्या सहा महिने आधी, १८ जुलै १३२३ रोजी, पोप जॉन बाविसावे यांनी अविन्यो येथे जॉर्डन यांच्याच संघाच्या थॉमस अक्वायनस यांना संत म्हणून घोषित केले होते. ही बातमी ठाण्याला इतक्या लवकर कशी पोचावी? या संत थॉमस यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. इतक्या गंभीर तत्त्वज्ञाने ते इतके साधे सांगावेत याचे आम्हांला अजूनही नवल वाटते. मनाला बरे वाटेल असे काही करावे. रडावे, कारण आत कोंडलेले दुःख अधिक बोचते. मित्रांना आपल्या दुःखात येऊ द्यावे, कारण ओझे उचलायला दुसरा आला की ते हलके वाटते. शिवाय आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे हे कळते आणि त्यानेही बरे वाटते. सत्याचे चिंतन करावे. आणि शेवटी, झोप घ्यावी, अंघोळ करावी! नवस सांगण्याआधी हा संत घरच्या आजीसारखा सांगतो की, बाळा, गरम पाण्याने अंग धू आणि पड जरा.

यातल्या चौथ्या उपायाकडे लक्ष द्या. चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द आपल्या भाषेत एकाच मुळातून आले आहेत. चिंतेत मन एकाच जागी घिरट्या घालते. चिंतनात ते देवासमोर बसते. कृपा शोकाच्या वेळी येते ती बहुधा अशीच. आकाशवाणी होत नाही. शेजारीण डबा आणून देते, महिन्याच्या मिस्सेला कोणीतरी बाजूच्या बाकावर येऊन बसते, एखाद्या रात्री सलग चार तास झोप लागते. कृपा म्हणून आपण ती मोजत नाही, एवढेच.

सगळी चिंता निरर्थक आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. डोंबिवलीला सकाळी गाडीत चढताना काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी पडले आणि काहींचा जीव गेला. अशा मार्गावर मुलगा रोज जात असेल तर आईला काळजी वाटणारच. "दाराला लटकू नकोस, पुढची गाडी घे" हे सांगणे म्हणजे प्रेम आहे. ते सांगून झाल्यावर, त्याची गाडी सुटल्यावर, दिवसभर दर अर्ध्या तासाने फोन करत राहण्याने गाडीतली गर्दी कमी होत नाही. पक्ष्यांविषयी बोलताना येशूही असे म्हणत नाही की त्यांनी दाणे शोधायला जाऊ नये.

भक्तीच्या कपड्यांत येणारी चिंता तर अधिक अवघड. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते. आपल्याकडून कित्येक जण सलग नऊ बुधवार तिथे जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण २७ जुलै २००५ हा बुधवार होता, आदल्या दिवशीच्या प्रलयाने लोकल ठप्प होत्या. मार्च २०२० मध्ये तर लोकल आणि चर्च दोन्ही बंद झाली. अशा वेळी चुकलेला बुधवार पवित्र मरीया वहीत लिहून ठेवते, असे ज्यांना वाटते त्यांनी काना येथील लग्न आठवावे. तिथे कोणी सांगण्याआधीच द्राक्षारस संपल्याचे तिच्या लक्षात आले होते. मिस्सा तिसाव्या दिवशी न होता बत्तिसाव्या दिवशी झाली म्हणून तुमच्या वडिलांच्या आत्म्याचे काही अडत नाही. आणि नऊ जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल, अशा प्रार्थना मोबाईलवर आल्या तर त्या निर्धास्तपणे पुसून टाका. आम्हीही तेच करतो.

ज्यांच्या घरी या वर्षी कोणी गेले आहे, त्यांना एक विनंती आहे. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच थांबते. ख्रिस्तसभेने ते दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे, आणि झोपण्यापूर्वी धर्मगुरू ते म्हणतात. त्या वेळी तुम्ही घरी वाचाल तर आपण बरोबरच वाचत असू.