सभागृहातील वाणीस्वातंत्र्य आणि संयम

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०५ व १९४ अन्वये संसद व विधिमंडळ सदस्यांना मोठे संरक्षण लाभले आहे. सभागृहातील भाषणाबद्दल वा मतदानाबद्दल त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. जनतेची गाऱ्हाणी निर्भयपणे मांडता यावीत, हा त्यामागील हेतू होय. लाच घेऊन केलेल्या भाषणास वा मतदानास मात्र हे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला.

या संरक्षणाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सभागृहात ज्या नागरिकावर आरोप होतो, त्याला तेथे उत्तर देता येत नाही आणि त्या भाषणाविरुद्ध न्यायालयातही जाता येत नाही. म्हणूनच लोकसभेच्या नियम ३५३ प्रमाणे बदनामीकारक आरोप करण्यापूर्वी सदस्याने अध्यक्षांना व संबंधित मंत्र्यांना पुरेशी पूर्वसूचना द्यावी लागते. त्यामुळे मंत्र्यांना चौकशी करून उत्तर देण्यास अवधी मिळतो. नियम ३८० अन्वये बदनामीकारक वा असभ्य शब्द कामकाजातून वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे.

ग्रामपंचायत सदस्यांना असे संविधानात्मक संरक्षण नाही. तथापि, आरोपापूर्वी शहानिशा आणि अनुपस्थित व्यक्तीस उत्तराची संधी, ही न्याय्य चर्चेची रीत ग्रामसभेलाही तितकीच लागू पडते.