संगणकाची पहिली जोडणी

ज्या शाळेत संगणक कापडाखाली झाकलेला असतो, तेथे मुलांच्या मनात त्याविषयी धाक उत्पन्न होतो, ज्ञान नव्हे. ‘हात लावला तर बिघडेल’ ही धास्ती पुष्कळदा शिक्षकांच्याही मनात असते. सुट्या भागांपासून एक संगणक मुलांसमक्ष स्वतः जोडणे, हा तिच्यावरील उत्तम उपाय होय.

ही कल्पना जुनीच आहे. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक सुट्या भागांच्या संचरूपानेही विकला जाई व हौशी लोक डाख देऊन तो घरी जोडीत. आता डाख देण्याचे कारण उरलेले नाही; एका स्क्रू-ड्रायव्हरने काम भागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्व भाग सुटे मिळतात. मात्र प्रोसेसर व मदरबोर्ड एकाच सॉकेटचे आहेत ना, हे खरेदीपूर्वी पाहावे. डीडीआर ४ ची रॅम डीडीआर ५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. दोहोंच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात.

पाठाची प्रस्तावना फणीने करावी. केसांवरून फिरविलेली कोरडी फणी कागदाचे कपटे उचलते, तीच स्थिर विद्युत बोटांतून नाजूक भागांत शिरल्यास ते निकामी होऊ शकतात. म्हणून प्रथम कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा.

सर्वांत जपावयाचा भाग प्रोसेसर. एएम ४ जातीच्या प्रोसेसरखाली १३३१ पिना असतात. सॉकेटची दांडी उचलावी, कोपऱ्यातील त्रिकोणी खुणा जुळवाव्या आणि तो केवळ ठेवावा, दाबू नये. जुळला असेल तर तो आपल्या वजनानेच खाली बसतो. त्यावर वाटाण्याएवढा थर्मल पेस्टचा ठिपका द्यावा. दोन धातूंमधील सूक्ष्म फटींत हवा राहते आणि हवा उष्णतेची मंदवाहक आहे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. रॅम मात्र खटका वाजेपर्यंत दाबावी लागते. वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडू नये. बंद केल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

कळ दाबल्यावर पडदा काळाच राहिला तर? पहिल्या जोडणीत असे वारंवार घडते. शिक्षकाने ओशाळू नये, मुलांना वर्गाबाहेर तर मुळीच पाठवू नये. खरा पाठ येथेच सुरू होतो. वीज तोडून एकेक कारण तपासावे. रॅम अर्धवट बसली आहे काय? २४ पिनांची तार लावून प्रोसेसरजवळची ८ पिनांची विसरली आहे काय? काही प्रोसेसरांत चित्र उमटविण्याची सोयच नसते. त्यांस वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. प्रत्येक तर्क फळ्यावर लिहावा व चुकीचा ठरल्यास खोडावा.

पडदा उजळल्यावर रॅमचा आकडा व वेळ मुलांनी वाचावी. घड्याळ बहुधा चुकीचे असेल. ते एखाद्या विद्यार्थ्याकडून लावून घ्यावे. मदरबोर्डावरील ३ व्होल्टांचा नाण्याएवढा सेल ते वीज नसतानाही चालू ठेवतो.