चर्चेचा विषय नको, काम द्यावं

चि. मुक्ता,

तुझ्या नव्या वर्गाचा आराखडा वाचला. मुलं इंग्रजीत सी-वन पातळीची आहेत, म्हणजे कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या सहा पायऱ्यांच्या चौकटीत पाचव्या पायरीवर. त्यांना बोलता येतं, आणि म्हणूनच त्यांच्या तासाची आखणी अवघड. ‘सोशल मीडिया : शाप की वरदान’ असं फळ्यावर लिहिलं की तास रंगतो. दोघे-तिघे बोलके किल्ला लढवतात, बाकीचे माना डोलावतात, आणि जो तो आधीपासून येणाऱ्या शब्दांवरच वेळ मारून नेतो.

अशाने भाषा पुढे सरकत नाही. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमातून शिकत होती. ऐकून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, बोलण्या-लिहिण्यात मात्र मागेच राहिली. भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी 1985 साली त्यावरून मांडलं की नुसतं समजून भाषा पक्की होत नाही. नेमकं सांगायची वेळ आली की बोलणाऱ्याला आपलं कुठे अडतंय ते कळतं. प्रगत वर्गाचा तास या अडण्यासाठीच आखायचा असतो.

ते घडवायचं कसं, याचं उत्तर आपल्याकडेच मिळतं. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर प्रकल्पात शाळकरी मुलांना व्याकरणाच्या धड्यांऐवजी कामं दिली : रेल्वेचं वेळापत्रक बघून प्रवास ठरवणं, नकाशावरून वाट काढणं. कामांचे त्यांनी तीन प्रकार केले. एकाकडची माहिती दुसऱ्याला देणं, तर्काने निष्कर्षाला पोचणं आणि मत मांडणं. त्यांचा कल तर्काच्या कामांकडे होता. वर्ग नवशिक्यांचा होता खरा, पण प्रगत मुलांना ही गोष्ट जास्तच लागू पडते. नुसत्या मताला कुणी हरकत घेत नाही, निर्णयाला मात्र कारणं द्यावी लागतात.

उदाहरणार्थ, सोसायटीचा पुनर्विकास घे. चौघांचा गट, चौघांना वेगळ्या चिठ्ठ्या. एकीत बिल्डरचा प्रस्ताव, दुसरीत तळमजल्यावरच्या आजोबांची अडचण, तिसरीत बँकेचं कर्ज फेडणारं जोडपं, चौथीत सचिवाकडचा इमारतीचा तपासणी अहवाल. चिठ्ठी दाखवायची नाही, बोलून सांगायची. वीस मिनिटांत होकार, नकार किंवा अटींसह होकार असा एकच निर्णय हवा. मग ‘आय अ‍ॅग्री’, ‘आय डिसअ‍ॅग्री’ पुरत नाही. आजोबांना न दुखवता त्यांचं म्हणणं खोडायचं, बिल्डरला ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणत अटीत बांधायचं, स्वतःचा हट्ट अर्धा सोडायचा. हे सगळं इंग्रजीत करणं या मुलांना खरोखर जड जातं. आधी दहा मिनिटं एकट्याने विचार करायला द्यावीत. बुजरी मुलंही मग बोलतात.

या वेळात शिक्षिकेने गप्प बसावं. हातात वही असावी आणि एका पानावर चांगली वाक्यं, दुसऱ्यावर चुकलेली उतरवावीत. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 साली कॅनडातल्याच वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा मुलाचं चुकीचं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणत होते, आणि नेमक्या याच दुरुस्तीची मुलं सगळ्यांत कमी दखल घेत होती. म्हणून वाक्य आयतं देऊ नये. चुकलेली वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहावीत आणि मुलांकडूनच सुधारून घ्यावीत.

आणि मग तेच काम पुन्हा! नव्या शिक्षकांना इथे धीर राहत नाही, मुलं कंटाळतील असं वाटतं. पॉल नेशन यांनी 1989 साली तपासलेली एक रीत आहे. तीच गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. श्रोता नवा असल्याने सांगण्यात अर्थ उरतो, वेग वाढतो, अडखळणं कमी होतं. गट बदलून पुनर्विकासाची दुसरी फेरी घेतली, तर फळ्यावरची दुरुस्त वाक्यं लगेच वापरात येतात.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या मुलांची काळजी नको. तिथली मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते आणि मधल्या भागात एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं असतं. नेशन यांनी तपासलेल्या रीतीत तो सरावही होऊन जातो.

चिठ्ठ्यांचा कच्चा मसुदा झाला की पाठव. बिल्डरच्या चिठ्ठीतलं क्षेत्रफळ आणि भाडं खरं वाटेल असं ठेव. चारही चिठ्ठ्यांत एकेक तरी गोष्ट अशी असू दे, जी बाकी तिघांना कळल्याशिवाय निर्णय होणारच नाही.

तुझी,
मावशी