बॅशमध्ये 'डिक्लेअर' : हिशोबाची स्क्रिप्ट गुपचूप का चुकते?



या भागाच्या व्हिडिओत आपण दिवसभराच्या बिलांची बेरीज करणारी छोटीशी बॅश स्क्रिप्ट बनवली. उदाहरण घरगुती डब्याच्या व्यवसायाचं होतं. एक टेक्स्ट फाईल, तिच्यात एका ओळीत एक रक्कम, बस्स. त्या स्क्रिप्टमधली 'डिक्लेअर -आय टोटल=०' ही ओळ व्हिडिओत पटकन निघून गेली. पण तुमच्या पैशाचा सगळा हिशोब त्याच ओळीवर उभा आहे, म्हणून आज तिच्याबद्दल जरा निवांत बोलूया.

आधी एक सूचना. इथे कमांड मी मराठी अक्षरांत, उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं व्हिडिओत स्क्रीनवर दिसतं तसं इंग्रजीत करायचं, अंकसुद्धा इंग्रजीच. बॅशला देवनागरी १२० हा आकडा वाटतच नाही, तो सरळ एरर देतो.

आता मुद्द्याकडे. बॅशमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही, तर प्रत्येक व्हेरिएबल म्हणजे नुसता मजकूर. तुम्हाला १२० म्हणजे रुपये दिसतात, बॅशला तीन अक्षरं दिसतात. समजा आजची बिलं १२०, ८० आणि २५० आहेत. टोटल शून्यापासून सुरू केली आणि प्रत्येक ओळीला 'अधिक-बरोबर' चिन्हाने रक्कम जोडत गेलात, तर शेवटी उत्तर येतं ०१२०८०२५०. फोन नंबरच वाटावा! बॅशने बेरीज केलीच नाही, अक्षरं एकापुढे एक चिकटवली. तेच आधी 'डिक्लेअर -आय टोटल=०' लिहिलं की उत्तर येतं ४५०. इथला आय म्हणजे इंटिजर, पूर्णांक. अशा खुणेला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, आपण गुणधर्म म्हणू.

इथपर्यंत बहुतेकांना समजतं, आणि इथेच गैरसमजही सुरू होतो. लोकांना वाटतं की -आय लावलं म्हणजे त्या व्हेरिएबलमध्ये आता फक्त आकडेच जातील, बाकी काही आलं तर बॅश अडवेल. तसं होत नाही. -आय हा दारावरचा वॉचमन नाही. त्याचा अर्थ एवढाच की जे काही आत येईल ते गणित समजून सोडवायचं आणि उत्तर ठेवायचं. आलेला मजकूर गणित नसेल तर काय होतं, ते बघा.

तुमच्या मुलाने दुकानात बसून फाईलमध्ये एका ओळीवर रकमेऐवजी इंग्रजी अक्षरांत 'उधार' असं लिहिलं. बॅशला वाटतं हे दुसऱ्या कुठल्या तरी व्हेरिएबलचं नाव आहे. त्या नावाचं व्हेरिएबल नाही, म्हणून त्याची किंमत शून्य. टोटलमध्ये शून्य मिळवलं जातं, एरर नाही, सूचना नाही. २०० रुपयांची उधारी हिशोबातून गेली आणि स्क्रीनवर उत्तर मात्र अगदी नीटनेटकं.

याहून भारी गंमत पुढे आहे. फाईलच्या शेवटच्या ओळीवर कुणी नुसतं लहान लिपीत 'टोटल' लिहून ठेवलं, तर? त्या नावाचं व्हेरिएबल तर आपल्या स्क्रिप्टमध्ये आहे, आणि त्यात ४५० आहेत. मग ४५० मध्ये ४५० मिळवले जातात आणि दिवसाचा गल्ला ९०० दिसतो. चिकटलेली अक्षरं निदान डोळ्यांना खुपतात. ९०० कुणाला खुपणार? तो गल्ला खराच वाटतो, आणि महिनाअखेरीस रोकड जुळत नाही तेव्हा संशय माणसावर जातो.

म्हणून रक्कम टोटलमध्ये टाकण्याआधी ओळीत फक्त ० ते ९ हेच अंक आहेत ना, हे तपासायचं. नसतील तर ती ओळ वेगळी छापायची आणि माणसाने बघायची. ग्राहकाने फॉर्ममध्ये भरलेला मजकूर तर न तपासता -आय लावलेल्या व्हेरिएबलमध्ये कधीच टाकू नका. चौकटी कंसात कमांड लपवून पाठवली तर गणित सोडवता सोडवता बॅश ती चालवून टाकू शकतो.

दुसरा सापळा सुरुवातीच्या शून्याचा. गणितात बॅश शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरतो, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत. ग्राहकांच्या लँडलाइनचे एसटीडी कोड -आय लावलेल्या व्हेरिएबलमध्ये टाकून बघा. मुंबईचा ०२२ होतो १८, पुण्याचा ०२० होतो १६, नाशिकचा ०२५३ होतो १७१. गोव्याचा ०८३२ टाकलात तर मात्र एरर येते, कारण अष्टमानात ८ हा अंकच नसतो. गोव्याचे ग्राहक वाचले म्हणायचे, निदान चूक दिसली तरी! महिन्यांचंही तसंच. ०७ पर्यंत सगळं सुरळीत, आणि ऑगस्टचा ०८ आला की स्क्रिप्ट अडते. सात महिने नीट चाललेली स्क्रिप्ट 'अचानक' बिघडली असं लोक म्हणतात ते यामुळे. फोन, पिनकोड, बिल नंबर यांची आपण कधी बेरीज करत नाही, तेव्हा त्यांना -आय लावूच नका. ते मजकूर म्हणूनच राहू द्या. महिन्याचं गणित करायचंच असेल तर आकड्याआधी १० आणि हॅशचं चिन्ह लावा, मग बॅश तो दहाच्याच पटीत वाचतो.

आता पैसे. -आय पूर्णांकापुरतंच आहे. १२.५० टाकलं तर एरर येते. भागाकाराचं उत्तर अपूर्णांकात येत असेल तर बॅश दशांश टाकून देतो, जवळच्या आकड्यालाही नेत नाही. २५५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४५ रुपये ९० पैसे, बॅश सांगतो ४५. दिवसाला अशी तीस बिलं असतील तर रोजचे २७ रुपये गायब. आणि आधी १८ भागिले १०० करून मग २५५ ने गुणलंत तर उत्तर चक्क शून्य, कारण १८ भागिले १०० इथेच शून्य झालं. उपाय सोपा आहे, हिशोब पैशांत ठेवा. २५५०० गुणिले १८ भागिले १००, उत्तर ४५९० पैसे. रुपये करणं फक्त बिल छापताना.

दर मात्र कुणाच्या हाताने बदलू नये, म्हणून त्याला 'डिक्लेअर -आर' लावायचं. हा गुणधर्म खरंच अडवतो. पुढे चुकून दराला दुसरी किंमत दिली तर बॅश एरर देतो आणि जुनी किंमत तशीच राहते. बाकीचे बहुतेक गुणधर्म वजाऐवजी अधिक चिन्ह लावून काढता येतात, उदाहरणार्थ 'डिक्लेअर +आय'. पण -आर तसा निघत नाही, ती स्क्रिप्ट संपेपर्यंत तो कायम. फाईलच्या माथ्यावर एकदा दर लिहा आणि खाली सगळीकडे त्याचं नाव वापरा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले, १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. ज्याने दर एकाच ओळीत ठेवला होता त्याचं काम एका मिनिटाचं. बाकीचे पानभर १२ शोधत बसले असतील.

ग्राहकाचा जीएसटी नंबर लहान-मोठ्या अक्षरांत कसाही येतो, तिथे 'डिक्लेअर -यू' कामाचं आहे. आत येणारी अक्षरं कॅपिटल होतात. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या, आणि ती -आयलाही लागू आहे. गुणधर्म फक्त त्यानंतर येणाऱ्या किमतीवर चालतो. नंबर आधी वाचला आणि -यू नंतर लावलं, तर आतली अक्षरं लहानच राहतात. म्हणून डिक्लेअर आधी, किंमत नंतर.

मेन्यूचे दर ठेवायचे असतील तर 'डिक्लेअर -ए' लिहिताना ए कॅपिटलच हवा. कॅपिटल ए म्हणजे नावाने शोधायची यादी, लहान ए म्हणजे क्रमांकाने. कॅपिटल ए विसरलात आणि इंग्रजी अक्षरांत चहा, वडा, पोहे अशी नावं दिलीत, तर बॅश पुन्हा तेच करतो. नाव म्हणजे व्हेरिएबल, त्याची किंमत शून्य, म्हणजे तिन्ही दर शून्य क्रमांकाच्या एकाच खणात. शेवटी लिहिलेला दर उरतो आणि चहा पोह्याच्या भावाने विकला जातो.

फंक्शनच्या आत डिक्लेअर लिहिलं तर ते व्हेरिएबल त्या फंक्शनपुरतंच राहतं. बाहेर टोटल रिकामी दिसली तर आधी हे तपासा. बाहेरही हवी असेल तर सोबत -जी लावा. कुठल्या व्हेरिएबलला काय लावलंय हे 'डिक्लेअर -पी' आणि पुढे नाव लिहिलं की लगेच दिसतं.

राहिली गोष्ट मशीनची. -यू आणि कॅपिटल ए बॅशच्या ४.० आवृत्तीपासून आहेत. मॅकसोबत येणारा बॅश ३.२ आहे, तिथे हे दोन्ही चालत नाहीत, नवा बॅश टाकून घ्यावा लागतो. उबुंटूवर स्क्रिप्ट 'एसएच' ने चालवलीत तर डॅश नावाचा वेगळा शेल चालतो आणि त्याला डिक्लेअर माहीतच नाही. तेव्हा पहिल्या ओळीत बॅशचं नाव लिहा आणि स्क्रिप्ट बॅशनेच चालवा. पुढच्या व्हिडिओत हीच टोटल पैशांत घेऊन जीएसटीसकट बिल छापणार आहोत. त्याआधी आजच्या फाईलमध्ये मुद्दाम एक 'उधार' आणि एक 'टोटल' अशा ओळी घाला, आणि तुमची स्क्रिप्ट त्या पकडते का ते बघून ठेवा.