नांव एक म्हणजे देव एक काय?

वाचण्याचे उतारे : १ राजे १८:१७–४०, होशेय २:१६, १७, प्रेषितांचीं कृत्यें १४:८–१८ व १७:२२–३१.

मंडळीच्या शिक्षकांना गांवांत एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो : "तुमचा देव आणि आमचा देव एकच ना? नांवें तेवढीं निराळीं." ह्याला घाईनें दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोणी "होय, सर्व एकच" असें म्हणून शेजाऱ्याला खूष करितो. कोणी "त्यांचा आमचा कांहींएक संबंध नाहीं" असें म्हणून त्याचें तोंड बंद करितो. दोन्ही उत्तरें चौकशीवांचून दिलेलीं असतात. ज्या गोष्टींत शेजाऱ्याची भक्ति गुंतलेली आहे तिच्याविषयीं न तपासतां बोलणें ही त्याच्याविरुद्ध खोटी साक्षच होय. ह्याकरितां निरनिराळ्या लोकांच्या देवतांची तुलना कशी करावी हें आज चार उदाहरणांवरून पाहूं.

१. नांव एक, कार्य निराळें. ऋग्वेदांत आकाशाला द्यौस् पितर असें म्हटलें आहे. ग्रीक लोक झ्यूस पातेर म्हणत, रोमी लोक युपितर म्हणत. हीं तिन्ही नांवें एकाच मुळापासून निघालीं आहेत व त्यांचा अर्थ आकाश-पिता असा आहे, हें भाषाशास्त्रानें दाखविलें आहे. आपल्या 'देव' व 'दिवस' ह्या शब्दांचेंही मूळ तेंच. त्याचा अर्थ प्रकाशणें. परंतु नांवाच्या पलीकडे पाहिलें म्हणजे काय दिसतें? झ्यूस हा देवांचा राजा, आणि वीज त्याच्या हातांत. ऋग्वेदांत वज्र आहे तें इंद्राच्या हातांत. द्यौसाला एकट्याला वाहिलेलें एकही सूक्त नाहीं, त्याची स्तुति पृथ्वीबरोबर जोडीनें केलेली आहे. नांव पूर्वजांकडून आलें, पण अधिकार दुसऱ्याकडे गेला.

उलटपक्षीं, ध्वनि सारखा म्हणून मूळही एक असेलच असें नाहीं. लॅटिन भाषेंत देवाला 'देउस' म्हणतात व ग्रीक भाषेंत 'थेऑस' म्हणतात. हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात; तरी त्यांचीं मुळें वेगळीं आहेत.

२. शब्द एक, अर्थ उलट. आपण ज्याला भजतों त्याला 'देव' म्हणतों. पारशी लोकांच्या अवेस्ता ग्रंथांत हाच शब्द 'दएव' असा येतो, आणि तेथें त्याचा अर्थ दुष्ट शक्ति असा आहे. श्रद्धेच्या स्वीकारांत पारशी मनुष्य दएवांचा त्याग करितो व अहुर मज्द, म्हणजे ज्ञानी प्रभु, ह्याची भक्ति पतकरितो. 'अहुर' म्हणजे आपला 'असुर' हाच शब्द होय. ऋग्वेदाच्या जुन्या भागांत वरुणासारख्यांना असुर हें गौरवाचें विशेषण लावलेलें आहे. पुढें मात्र असुर म्हणजे देवांचा वैरी असा अर्थ रूढ झाला. तेव्हां नुसता शब्द ऐकून जो निवाडा करील तो पारशी बांधवावर आणि हिंदु बांधवावर, दोघांवरही अन्याय करील.

३. नांवें निराळीं, परंतु मनुष्यांनीं जोडलेलीं. आठवड्याचा पांचवा वार घ्या. रोमी लोकांनीं तो युपितरला दिला. उत्तर युरोपांतील लोकांनीं वारांचा हा क्रम उचलला, आणि युपितरच्या जागीं आपला मेघगर्जनेचा देव थॉर बसविला. इंग्रजींतील 'थर्सडे' तो हाच. भारतांत हाच वार गुरूचा, म्हणजे बृहस्पतीचा. मध्य प्रदेशांतील एरण येथें इ. स. ४८४ चा एक शिलालेख आहे. त्यांत तिथीबरोबर सुरगुरूचा वार दिला आहे. आतां हे तिघे ताडून पाहा. युपितर हा राजा. थॉर हा हातोडा धारण करणारा योद्धा, राजा नव्हे. बृहस्पति हा देवांचा पुरोहित व गुरु. त्यांना एका वारावर कोणीं बसविलें? पंचांगानें व रूढीनें. तिघांच्या भक्तांनीं एकच देव ओळखला होता असें त्यावरून ठरत नाहीं.

४. वादांत सांपडलेलें नांव. 'बआल' ह्या शब्दाचा अर्थ धनी. आपल्याकडे बायको नवऱ्याला धनी म्हणते, तसाच तो शब्द तिकडेही नवऱ्याला लागे. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायांतील वचनाचें मर्म ह्यांतच आहे. शौल राजाच्या एका पुत्राचें नांव १ इतिहासांत एश्बाल असें आहे. म्हणजे एके काळीं इस्राएलांतही हा शब्द घरोघरीं चालत होता.

सीरियाच्या किनाऱ्याजवळ १९२८ सालीं एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला आणि त्याखालीं जुनें थडगें निघालें. पुढच्या वर्षीं फ्रेंच विद्वान क्लोद शेफर ह्यांनीं खोदकाम आरंभिलें व उगारित नांवाचें प्राचीन नगर उजेडांत आलें. तेथील मातीच्या पाट्यांवर बआलाच्या कथा आहेत. तो पर्जन्याचा धनी, मेघांवर बसणारा, मृत्यूशीं झगडणारा. मेघ हे देवाचे वाहन ही उपमा आपल्या १०४ व्या स्तोत्रांतही आहे. त्या नगराच्या कथांत विधवेचा न्याय करणारा पुरुष वाखाणलेला आहे. म्हणून त्या लोकांना न्याय ठाऊकच नव्हता असें म्हणण्याची सोय नाहीं. शिवाय त्यांच्या वडील देवाचें नांव एल होतें, आणि तोच शब्द बेथेल, इस्राएल, इम्मानुएल ह्या नांवांत आपण नित्य उच्चारतों.

मग एलीयाचा वाद कशाविषयीं होता? दुष्काळ पडला होता, आणि पाऊस कोणाचा असें विचारलें असतां लोक दोन्हीकडे मान हालवीत होते. दोन देवांचें काम सारखें दिसत होतें, म्हणूनच निवड करणें भाग पडलें. इस्राएलानें एल हा शब्द ठेविला, कारण तो देव ह्या अर्थीं सर्वसामान्य झाला होता. बआल हा शब्द सोडला, कारण त्याला दुसऱ्या एका देवाची कथा व वेदी चिकटलेली होती.

पौलानेंही असाच विवेक केला. लुस्त्र येथें लोक बर्णबाला झ्यूस म्हणून बैल अर्पूं लागले, तेव्हां दोघांनीं आपलीं वस्त्रें फाडलीं. तोच पौल अथेनै येथें अराटस कवीची एक ओळ मान्य करून पुढें बोलतो, आणि ती ओळ मुळांत झ्यूसविषयींची आहे! त्यानें ओळींतील सत्य घेतलें, झ्यूस हें नांव घेतलें नाहीं. 'थेऑस' हा सामान्य शब्द वापरिला. आपल्या मराठी शास्त्रांत 'देव' हा शब्द आला तो ह्याच रीतीनें. चीन देशांत मात्र भाषांतरकारांचें एकमत झालें नाहीं. १९१९ सालीं तेथील शास्त्राच्या दोन आवृत्त्या निघाल्या. एकींत देवासाठीं 'शेन' व दुसरींत 'शांग-ती' हा शब्द आहे.

ह्यावरून शिक्षकानें एवढें ध्यानांत धरावें. तुलना करितांना चार गोष्टी विचाराव्या : नांव कोठून आलें? त्या देवाचें कार्य काय मानितात? भक्त त्याच्याजवळ काय मागतात? आणि तो भक्ताजवळ काय मागतो? साम्य असेल तेथें तें मोकळ्या मनानें कबूल करावें. भेद असेल तेथें तो सौम्यपणें पण स्पष्ट सांगावा. ज्या मापानें दुसऱ्याचा ग्रंथ मोजतों त्याच मापानें आपलाही मोजावा. आणि शेजाऱ्याच्या देवाविषयीं बोलण्यापूर्वीं शेजाऱ्यालाच विचारावें. कारण त्याची भक्ति त्याला जितकी ठाऊक आहे तितकी आपल्याला नाहीं.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न : (१) 'देव' ह्या शब्दाचा मूळ अर्थ काय? पारशी ग्रंथांत त्याचा अर्थ कोणता? (२) एल हा शब्द राहिला व बआल गेला, ह्याचें कारण सांगा. (३) लुस्त्र येथील व अथेनै येथील पौलाच्या वर्तनांत विरोध आहे काय? (४) आपल्या गांवांत हा प्रश्न कोणी विचारिला तर प्रथम आपण काय विचाराल?