मूल कोबेत, बाप अश्दोदमध्ये : ताबा कोणाचा?



जपानमधील कोबे बंदराचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तेथील कितानो भागात ओहेल शेलोमो हे सिनेगॉग आहे. १९४०-४१ साली युरोपातून निसटलेले हजारो यहुदी निर्वासित याच शहरातून पुढे गेले. हल्ली आपली तरुण मंडळी नोकरीसाठी अशा दूरच्या शहरी जातात. कधी लग्नाची नोंद न करताच संसार मांडतात. मूल होते, पुढे पटत नाही, एक जण मायदेशी परततो. मग मूल कोणाकडे राहावे? आज या प्रश्नाचा अभ्यास करू.

एक उदाहरण घेऊ. समजा, अश्दोदचा एक तरुण व एक जपानी तरुणी यांना कोबे येथे मूल झाले. दोघांचे लग्न झालेले नाही.

पहिला प्रश्न : कायद्याने बाप कोण?

नुसते जन्मदाता असणे पुरत नाही. जपानमध्ये अविवाहित बापाला ‘निन्ची’ करावी लागते, म्हणजे ‘हे मूल माझे’ असा रीतसर स्वीकार वॉर्डाच्या कचेरीत नोंदवावा लागतो. जन्माआधी नोंद करायची तर आईची संमती हवी. निन्चीमुळे मुलाला बापाकडून खर्च व वारसा मिळण्याचा हक्क येतो. बाप टाळाटाळ करील, तर आई कौटुंबिक न्यायालयात जाऊ शकते.

दुसरा प्रश्न : ताबा कोणाचा?

येथेच पुष्कळांची समजूत चुकते. निन्ची केली म्हणजे ताबा मिळाला असे नव्हे. अशा मुलाचा ‘शिनकेन’, म्हणजे पालकत्वाचा अधिकार, आईकडे असतो. पूर्वी दोघांच्या संमतीने तो बापाला देता येई, पण मग आईचा जाई. दोघांना मिळून ठेवता येत नसे. मे २०२४ मध्ये जपानच्या संसदेने हा कायदा सुधारला. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. या सुधारणेने निन्ची केलेला बाप व आई यांना संमतीने संयुक्त पालकत्वाची वाट मोकळी केली. एकमत न झाल्यास न्यायालय ठरवते. मात्र मारहाणीचे किंवा छळाचे भय असेल, तेथे न्यायालय संयुक्त पालकत्व देत नाही.

तिसरा प्रश्न : मूल परदेशी नेले तर?

यासाठी २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार आहे. इस्रायलमध्ये तो १९९१ पासून व जपानमध्ये १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. सोळा वर्षांखालील मूल गैररीतीने नेले, तर ते जेथे नेहमी राहत होते त्या देशी परत पाठवावे, असा त्याचा मुख्य नियम. पण ‘गैररीतीने’ म्हणजे काय? कोणाचा तरी ताब्याचा हक्क मोडलेला असावा लागतो, आणि तो हक्क मुलाच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशातील कायद्याने पाहतात.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. शिनकेन एकट्या आईकडे असताना बापाने न विचारता मूल अश्दोदला आणले, तर आई ते परत मागू शकते, आणि तिची बाजू भक्कम आहे. उलट आईच मूल घेऊन तिसऱ्या देशात गेली, तर बापाला मूल परत मागणे कठीण. तो भेटीच्या हक्कासाठी अर्ज करू शकतो.

हेच जोडपे अश्दोदमध्ये राहत असते तर? इस्रायलच्या १९६२ च्या कायद्याने आई व बाप दोघेही मुलाचे नैसर्गिक पालक आहेत. त्यात लग्नाची अट नाही. तेव्हा आईने परस्पर मूल कोबेस नेले, तर बाप हेग करारानुसार अर्ज करू शकतो. मूल कोबेत असले तरी हा अर्ज ओसाकाच्या कौटुंबिक न्यायालयापुढे चालतो, कारण जपानमध्ये हे काम टोकियो व ओसाका या दोनच कौटुंबिक न्यायालयांकडे आहे. अर्ज वर्षाच्या आत करावा. वर्ष उलटून मूल नव्या जागी रुळले, तर परतीचा हुकूम नाकारला जाऊ शकतो.

आईबाप तेच, मूलही तेच. वास्तव्याचा देश बदलला, म्हणून निकाल बदलला.

भारत या करारात नाही. मूल मुंबईस नेले तर हायकोर्टात दाद मागावी लागते, आणि न्यायालय मुलाचे हित सर्वांत वर मानते. घटस्फोटित बापाने अमेरिकेतून पुण्यास आणलेले मूल १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने आईच्या स्वाधीन केले होते. पण प्रत्येक वेळी तसेच होईल असे धरून चालू नये.

आपल्यापैकी कोणी आजी-आजोबा मुलाला फोनवर सांगत असतील, “बाळाला घेऊन इकडे ये, मग बघू.” मायेपोटी दिलेला हा सल्ला घातक आहे. मूल परत जाईल, आणि बापावरचा विश्वासही जाईल. त्यापेक्षा विचारावे : निन्ची झाली का? पालकत्वाबद्दल दोघांची लेखी संमती आहे का? प्रवासाला आईचा लेखी होकार आहे का? नसेल, तर आधी तेथील वकिलाला भेटावे. ही कागदपत्रे दोघांचे बोलणे चालू आहे तोवरच सहज होतात.